अशिलाचे गुपित आणि अशिलाचे खाते

या वर्षीच्या व्याख्यानासाठी आम्ही हा विषय कळविला तेव्हा मालेच्या चिटणीसांनी आम्हांला दोनदा विचारले की, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, फार तर गिरणीसंपाच्या आठवणी सांगेल. वकिलांच्या पेढ्यांतून काळा पैसा पांढरा होतो काय आणि होत असेल तर त्यावर देखरेख कोणी करायची, हा त्याच्या अंगणातला प्रश्न नव्हे, अशी त्यांची समजूत. ती स्वाभाविक आहे. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. शाळा नववीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते लेबर कोर्टाच्या बाकावर आणि या नगरवाचनालयाच्या मागच्या खोलीत. परंतु या प्रश्नाकडे आम्ही आपल्या पायांनी गेलो नाही. प्रश्नच आमच्या दारी आला. तो कसा, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या भागातला एक इंजिनिअरिंग कारखाना बंद पडला. सव्वातीनशे कामगार रस्त्यावर आले. ग्रॅच्युइटी थकलेली, चार महिन्यांचा पगार थकलेला. मालकाने हात वर केले, कंपनीत पैसाच नाही म्हणाला. पुढे दोन वर्षांच्या आत कारखान्याची जमीन विकली गेली. जमिनीचा पैसा गेला कुठे, हे आम्ही शोधू लागलो तेव्हा कागदावर एक कंपनी लागली, तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. तिन्हींचा नोंदलेला पत्ता मात्र एकच निघाला, आणि तो होता मुंबईतील एका वकिलाच्या कचेरीचा. आम्ही तिघे त्या कचेरीत गेलो. वकीलसाहेबांनी चहा दिला आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की, "अशिलाविषयी मला एक अक्षरही बोलता येत नाही."

गंमत अशी की, नेमके हेच वाक्य आम्ही त्यापूर्वी काही वर्षे दुसऱ्या एका वकिलाच्या तोंडून ऐकले होते. एका संपाच्या वेळी संपाची आखणी करणाऱ्या बैठकीत कोण कोण होते, हे पोलिसांना हवे होते. आमचे वकील तालुक्याच्या गावचे, वयस्क, दम्याने हैराण झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे आमची एकवीस माणसे सल्ल्यासाठी गेली होती. त्यांनी अंमलदाराला बसायला खुर्ची दिली आणि हेच वाक्य ऐकविले. १८७२ च्या पुरावा कायद्यातील १२६ वे कलम त्यांच्या पाठीशी होते. एकवीस जणांच्या नोकऱ्या त्या वाक्यावर वाचल्या.

एकाच वाक्याने आम्हांला एकदा तारले आणि एकदा बुडविले. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घर करून बसला, आणि त्याचा मागोवा घेत आम्ही मुख्यतः इंग्लंडच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. आपल्याकडची वकिली हे तिकडचेच कलम. आणि वकिलांच्या पेढ्यांवर पैशाच्या बाबतीत देखरेख ठेवण्याचा खटाटोप जितका त्या देशात झाला, चुकला आणि पुन्हा झाला, तितका क्वचितच दुसरीकडे झाला असेल.

पैसा 'धुणे' हा शब्द आपल्याकडे वृत्तपत्रांतून आता पुष्कळ रुळला आहे. लाचेतून, चोरट्या व्यापारातून किंवा करचुकवेगिरीतून आलेला पैसा चार हातांतून असा फिरवायचा की, त्याचा उगम कोणाला सांगता येऊ नये. परटाच्या धंद्याशी या धंद्याची तुलना करणे हा खरे तर परटावर अन्याय आहे. तो बिचारा कपड्यावर खूण घालतो आणि ज्याचा त्याला परत देतो. इथे तर खूण पुसण्याचीच मजुरी असते. असो. हा इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी बसला तो अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणापासून. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील त्या इमारतीत पाच घरफोडे पकडले गेले. त्यांच्यातील एकाच्या मायामी येथील बँक खात्यात चार धनादेश जमा झालेले आढळले. बेरीज ८९,००० डॉलर. हे धनादेश मेक्सिको सिटीतील एका वकिलाच्या नावे निघालेले होते. पैसा मुळात अध्यक्ष निक्सन यांच्या निवडणुकीसाठी टेक्सासमध्ये गोळा झालेला. मेक्सिकोच्या वळणाने आणि वकिलाच्या नावाने तो फिरला तो देणाऱ्यांची नावे झाकली जावीत म्हणून. म्हणजे हा शब्द जगाच्या कानी पडला तेव्हाच त्या गोष्टीत एक वकील हजर होता. हे आम्हांला फार पुढे, वाचता वाचता कळले.

वकिलाकडे असे काय असते की, या कामी त्याची गरज पडावी? गुपित राखण्याचा हक्क असतो, हे तर उघडच आहे. प्रतिष्ठा असते. परंतु इंग्लंडात आणखी एक गोष्ट असते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची: अशिलाचे खाते. आपल्याकडे घर घेताना आपण धनाकर्ष घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो आणि विकणाऱ्याच्या हाती देतो. इंग्लंडात तसे होत नाही. घेणारा आपले पैसे आपल्या सॉलिसिटरच्या खात्यात भरतो. तो सॉलिसिटर ते विकणाऱ्याच्या सॉलिसिटरच्या खात्यात पाठवितो. आणि तिथून ते विकणाऱ्याला मिळतात. कंपन्यांची खरेदी-विक्री, वारसाहक्काची वाटणी, विश्वस्तनिधी, सगळ्यांचा पैसा या खात्यांतून वाहतो. आता विकणाऱ्याच्या बँकेने विचारले की, हा पैसा आला कोठून, तर उत्तर मिळते, अमुक पेढीच्या सॉलिसिटरकडून. प्रश्न तिथेच संपतो. पैशाच्या अंगावर वकिलाचा झगा चढला की त्याला कोणी अडवीत नाही.

या खात्याचा जन्म कसा झाला हे पाहण्याजोगे आहे. एके काळी सॉलिसिटर मंडळी अशिलांचा पैसा आणि स्वतःचा पैसा एकाच थैलीत ठेवीत. पेढी बुडाली की विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या ठेवी तिच्याबरोबर बुडत. तक्रारी वाढल्या तेव्हा १९३३ साली पार्लमेंटाने कायदा केला आणि सॉलिसिटरांच्या संस्थेला, म्हणजे १८२५ साली स्थापन झालेल्या लॉ सोसायटीला, हिशेबाचे नियम करायला लावले. १९३५ पासून अशिलाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवणे सक्तीचे झाले. वकिलापासून अशिलाचे रक्षण करावे, हा त्या खात्याचा हेतू. अशीलच या खात्याच्या आडून उरलेल्या जगाला फसवील, ही कल्पना तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आम्ही युनियनच्या कामात हे अनेकदा पाहिले आहे: एका चोराला अडविण्यासाठी बांधलेली भिंत दुसऱ्या चोराला आडोसा म्हणून उपयोगी पडते.

पैसा धुण्याविरुद्धची मोठी मोहीम सुरू झाली ती १९८९ साली. त्या वर्षी पॅरिसला सात बड्या राष्ट्रांची परिषद भरली आणि तिने फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स नावाचे कृतिदल नेमले. १९९० साली या दलाने ४० शिफारशी केल्या. रोख होता अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांवर, आणि पहारा बसवायचा होता बँकांवर. १९९१ साली युरोपीय राष्ट्रसंघाने त्याच धर्तीवर निर्देश काढला. बँका सावध झाल्या. परंतु धरणाचा एक दरवाजा बंद केला म्हणून पाणी थांबत नाही. ते बाजूच्या पाटाने, म्हणजे वकील, हिशेबनीस, जमिनींचे दलाल यांच्या मार्गाने वाहू लागले. म्हणून २००१ च्या अखेरीस युरोपने आणि २००३ साली त्या कृतिदलाने आपल्या नियमांच्या कक्षेत वकिलांना ओढले. इंग्लंडात १ मार्च २००४ पासून हे नियम वकिलांना लागू झाले.

नियम वरवर पाहता साधे होते. नवा अशील आला की तो कोण, हे कागदपत्रांवरून पडताळायचे. कंपनी असेल तर तिच्या मागे खरा माणूस कोण उभा आहे, ते शोधायचे. पैसा कोठून आला हे विचारायचे, आणि ही सारी टाचणे पाच वर्षे जपून ठेवायची. संशय आला तर सरकारी खात्याला वर्दी द्यायची. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, वर्दी दिल्याचा सुगावा अशिलाला लागू द्यायचा नाही. २००२ च्या कायद्याने वर्दी न देणाऱ्या वकिलाला ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ज्या माणसाने अशिलाचे गुपित जपायचे म्हणून शिक्षण घेतले, त्याला सांगितले गेले की, समोर बसलेल्या अशिलाशी हसून बोल आणि तो गेल्यावर मागच्या दाराने चिठ्ठी पाठव. तुम्ही वकिलांचे कितीही विरोधक असा, हे ऐकून क्षणभर थबकायला होते.

व्हायचे ते झाले. वकील घाबरले, आणि साप समजून भुई धोपटू लागले. २००५ सालचे एक प्रकरण सांगतो, कारण त्यात सारा पेच दिसतो. एक स्त्री आणि एक पुरुष दहा वर्षे एकत्र राहिली आणि मग वेगळी झाली. घर पुरुषाच्या नावावर. त्यात आपला वाटा आहे असा स्त्रीचा दावा. कागद चाळताना तिच्याच वकिलांना संशय आला की, या गृहस्थाने घराच्या डागडुजीचा खर्च आपल्या धंद्याच्या वह्यांत आणि कराच्या विवरणात घुसडला असावा. बस्स! कर चुकविला म्हणजे गुन्ह्याचा पैसा, आणि त्या पैशाचा अंश ज्या घरात, त्या घराविषयीच्या दाव्यात आपण सामील. तेव्हा आपणही गुन्हेगार, असे त्यांना वाटले. त्यांनी सरकारी खात्याला वर्दी दिली आणि सुनावणी पुढे ढकला म्हणून न्यायालयाकडे धावले. का ढकला, हे मात्र उघड सांगता येईना. ज्या बाईचा संसार मोडला होता, तिचा दावा तिच्याच वकिलांच्या भीतीमुळे अडला. ८ मार्च २००५ रोजी अपील न्यायालयाने हा गुंता सोडविला. कोर्टात दावा चालविणे, त्यासाठी सल्ला देणे, त्यात तडजोड करणे, या वकिलाच्या नेहमीच्या कामाला हा कायदा शिवत नाही, असा निवाडा झाला.

या निवाड्यात आम्हांला या साऱ्या इतिहासाची किल्ली दिसते. वकिलाचे एक काम जिभेचे आहे आणि एक काम थैलीचे आहे. तो कोर्टात उभा राहतो, सल्ला देतो, अशिलाचा कबुलीजबाब ऐकतो; ही जीभ आणि हा कान पवित्र मानल्यावाचून न्यायाचा कारभार चालणार नाही. परंतु तोच वकील जेव्हा कंपन्या काढून देतो, पैसे आपल्या खात्यात घेतो आणि पुढे पाठवितो, तेव्हा तो पेढीवाल्याचे काम करीत असतो, आणि पेढीवाल्याला जे नियम ते त्याला लागले तर त्याने कुरकुरू नये. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २००७ साली बेल्जियमच्या वकीलमंडळांना जवळजवळ हेच सांगितले. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१२ साली एका फ्रेंच वकिलाची तक्रार फेटाळताना हाच भेद केला; मात्र फ्रान्समध्ये वकिलाची वर्दी थेट सरकारकडे न जाता वकीलमंडळाच्या अध्यक्षाच्या हातून गाळून जाते, ही गोष्ट त्या न्यायालयाने मुद्दाम लक्षात घेतली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली उलट दिशेने कौल दिला आणि सरकारने वकिलांच्या कचेऱ्यांत शिरण्याची तरतूदच रद्द केली. तिथल्या वकील-संस्थांनी त्यापूर्वीच स्वतःवर एक नियम घालून घेतला होता: अशिलाकडून ७,५०० डॉलर किंवा त्याहून अधिक रोकड घ्यायची नाही. हा नियम आम्हांला आवडतो. त्यात चाडी नाही, गुपिताला धक्का नाही. नुसते हात आखडून घेणे आहे.

आता मुख्य प्रश्न. नियम झाले, ते पाळले जातात की नाही हे पाहणार कोण?

इंग्लंडने सोपे उत्तर दिले: ज्याची त्याची संस्था पाहील. सॉलिसिटरांवर लॉ सोसायटी देखरेख करील. आता ही लॉ सोसायटी म्हणजे काय? सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, सभासदांच्या हक्कांसाठी सरकारशी भांडणारी संस्था. आमच्या भाषेत सांगायचे तर ती वकिलांची युनियनच. युनियनने सभासदाच्या बाजूने उभे राहायचे आणि तीच काठी घेऊन त्याच्या पाठीत घालायची, अशी ही दुहेरी नेमणूक होती. यात वकिलांची अप्रतिष्ठा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, आणि तसा तो नाही हे पटावे म्हणून आमच्याच घरचे एक लक्तर वेशीवर टांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या एका शाखेच्या खजिनदाराने मदतनिधीतले काही हजार रुपये मुलीच्या लग्नात वापरले. माणूस हाडाचा कार्यकर्ता. चळवळीसाठी तुरुंगात जाऊन आलेला. समिती बसली. आम्ही त्या समितीत होतो. रागावलो, बोललो, आणि शेवटी ती रक्कम वहीत 'उचल' म्हणून लिहिली. दोन वर्षांत त्याने पै न पै परत केली. १९२६ च्या ट्रेड युनियन्स ॲक्टाप्रमाणे, जो नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत चालू होता, निबंधकाकडे दरवर्षी तपासलेला हिशेब पाठवावा लागे. आम्ही पाठविला, आणि तो स्वच्छ दिसला. त्याच काळात एका वारलेल्या सभासदाच्या पत्नीला मदतनिधीतून मिळायचे पैसे सात महिने उशिरा मिळाले. का उशीर झाला ते तिला कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही. आम्ही चोर नव्हतो, की चोराचे भागीदारही नव्हतो. तो आपला माणूस होता, एवढेच. आपला तो बाब्या, ही म्हण काही केवळ आयांना लागू नाही. ती समित्यांना, मंडळांना आणि सोसायट्यांना अधिक लागू आहे.

इंग्लंडात नेमके असेच झाले. तक्रारी हाताळण्यात लॉ सोसायटी कमी पडते अशी ओरड आधीपासूनच होती. डेव्हिड क्लेमेंटी यांनी २००४ च्या अहवालात प्रतिनिधित्व आणि नियमन या दोन गोष्टी वेगळ्या करा, असे सुचविले. २००७ च्या कायद्याने तसे केले आणि सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी ही वेगळी शाखा उभी राहिली. परंतु वेगळी म्हणजे चुलीपुरती वेगळी, घर एकच. शिवाय तिच्या हातात काठी ती केवढी! साध्या पेढीला तिला स्वतःच्या अधिकारात जास्तीत जास्त २,००० पौंड दंड करता येई. त्याहून मोठ्या शिक्षेसाठी वेगळ्या शिस्तभंग न्यायाधिकरणाकडे जावे लागे. लंडनमध्ये कोट्यवधी पौंडांची एक हवेली विकली जाते, तिथे २,००० पौंडांची भीती ती कसली? ती मर्यादा २०२२ च्या जुलैपर्यंत टिकली.

दरम्यान २०१६ चा एप्रिल उजाडला. पनामातील मोसॅक फोन्सेका या वकिली पेढीचे १ कोटी १५ लाख कागद फुटले आणि दोन लाख चौदा हजारांवर कंपन्या-संस्थांचे व्यवहार जगापुढे आले. त्यांत सुमारे ५०० भारतीयांची नावे असल्याचे आपल्याकडील वृत्तपत्रांनी छापले. सारेच गुन्हेगार होते असे नव्हे. २०२४ साली पनामाच्या न्यायालयाने त्या खटल्यातील सर्व २८ आरोपींना सोडून दिले, हेही इमानाने सांगितले पाहिजे. परंतु एक गोष्ट लोकांना कळली, ती म्हणजे कंपन्यांच्या या भुलभुलैयाचा कारखाना कुठल्या अंधाऱ्या अड्ड्यात नव्हता. तो पाटी लावलेल्या वकिलांच्या कचेरीत होता. आम्ही त्या बातम्या वाचल्या तेव्हा आम्हांला मुंबईतला तो चहा आठवला.

इंग्लंडच्या सरकारने मग पहारेकऱ्यांवर पहारेकरी नेमला. २०१८ च्या आरंभी, ओपीबास या आखूड नावाने ओळखली जाणारी एक छोटी कचेरी वित्तीय व्यवहारांचे नियमन करणाऱ्या सरकारी प्राधिकरणात उघडली. वकिलांवर आणि हिशेबनिसांवर देखरेख करणाऱ्या संस्था तेव्हा २२ होत्या. एका धंद्यावर इतके मुकादम! २०१९ च्या मार्चमध्ये या कचेरीने पहिला अहवाल दिला. या संस्थांपैकी शेकडा ८० संस्थांमध्ये देखरेखीची व्यवस्थाच धड नव्हती. काही संस्था तर सभासद दुखावतील, सोडून दुसऱ्या संस्थेत जातील, या विवंचनेत होत्या. हे वाचून आम्ही एकटेच हसलो. कारण ही भीती काय चीज असते ते युनियनवाल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुढे काठी जड होत गेली. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या एका नामांकित पेढीला अशिलांची पुरेशी चौकशी न केल्याबद्दल २,३२,५०० पौंड दंड झाला. जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने दुसऱ्या एका मोठ्या पेढीला ५ लाख पौंड दंड केला. मधल्या काळात, २०२३ च्या ऑक्टोबरातील कायद्याने आर्थिक गुन्ह्यांच्या बाबतीत दंडाची मर्यादाच काढून टाकली. मात्र दंड वाढले म्हणून वकिलांची वर्दी वाढली असे झाले नाही. तिथल्या एकूण वर्दींत वकिलांचा वाटा अलीकडे शेकडा एकाहूनही कमी आहे. बाकीचा बहुतेक भार बँकांचा. याचा अर्थ वकील निर्मळ आहेत असाही लावता येतो, आणि वकील गप्प आहेत असाही. शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने जाहीर केले की, या एका बाबीपुरती देखरेख वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या संस्थांकडून काढून घेऊन त्या सरकारी प्राधिकरणाकडेच सोपविण्यात येईल. १९३३ साली ज्या संस्थेला विश्वासाने किल्ल्या दिल्या, तिच्या घराण्यातून त्या ९२ वर्षांनी परत मागण्यात आल्या.

वकिलांच्या संस्थांनी यावर काहूर उठविले. त्यातला खर्चाचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवतो. खर्चाची तक्रार प्रत्येक धंदा प्रत्येक नियमाविरुद्ध करतो. परंतु त्यांचा दुसरा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या प्राधिकरणाचे प्रमुख अर्थखाते नेमते. उद्या एखादा नागरिक त्याच सरकारविरुद्ध दावा लावायला वकिलाकडे गेला, तर त्या वकिलाच्या वह्या तपासायला सरकारचाच माणूस येणार. आम्ही वर जीभ आणि थैली असा भेद मोठ्या ऐटीने केला खरा. पण तो भेद आम्हांलाच एका ठिकाणी टोचतो. आमच्या त्या दमेकरी वकिलांची फी एकवीस जणांनी प्रत्येकी वर्गणी काढून दिली होती. वकिलांनी एकवीस पावत्या फाडल्या होत्या, कारण ते हिशेबाला चोख होते. म्हणजे पोलिसांना हवी असलेली नावे त्यांच्या तोंडात होती तशी त्यांच्या पावतीपुस्तकातही होती. थैली उघडा म्हणणाऱ्या आम्हांला विचारले पाहिजे की, त्या दिवशी ते पुस्तक कोणी मागितले असते तर?

आमचे मत असे की, पावतीपुस्तक आणि खातेवही यांतही फरक करावा लागेल. वकिलाला त्याच्या कामाची दिलेली फी ही गुपिताच्या बाजूला राहिली पाहिजे. दुसऱ्याच्या व्यवहारासाठी त्याच्या खात्यातून नुसता वाहून गेलेला पैसा प्रकाशाच्या बाजूला. हा फरक कायद्याच्या भाषेत कसा बसवायचा ते कायदेपंडितांनी पाहावे.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ सालचा, १ जुलै २००५ पासून अमलात. ३ मे २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांना काही कामांपुरते या कायद्याच्या कक्षेत आणले: अशिलासाठी स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री करणे, त्याचा पैसा किंवा बँकखाती सांभाळणे, कंपन्या उभ्या करणे व चालविणे, वगैरे. या यादीत वकील नाहीत. सहा दिवसांनी, ९ मे रोजी, दुसरी अधिसूचना निघाली. दुसऱ्यासाठी कंपनी काढून देणे, तिचा संचालक होणे, तिला नोंदणीसाठी पत्ता देणे ही कामे जो कोणी धंदा म्हणून करील तो कक्षेत आला. तिथे वकिलाचा उल्लेख येतो तो सवलतीपुरता, कंपनीच्या नोंदणीच्या वेळी करावयाच्या घोषणापत्रापुरता. नोंदणीसाठी पत्ता देणे! आमच्या कारखान्याचे प्रकरण त्यापूर्वीचे. ती अधिसूचना वाचनालयात वाचताना आम्ही चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्या बाजूचे भयही आपल्याकडे खरे ठरले. २०२५ च्या जूनमध्ये सक्तवसुली संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना, त्यांनी एका अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल समन्स पाठविली. वकीलवर्गात गदारोळ झाला, समन्स मागे घेतली गेली, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला असे बोलावता येणार नाही. कायद्यातील अपवाद लागू होत असेल तर तो अपवाद समन्समध्ये लिहावा लागेल आणि वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागेल. १८७२ चे ते १२६ वे कलम आता नव्या साक्ष अधिनियमात १३२ वे झाले आहे. आकडा बदलला तरी आमच्या एकवीस जणांना वाचविणारे छप्पर शाबूत राहिले, याचा आम्हांला आनंद आहे.

थैलीचे काय? अशिलाच्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवावा, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. परंतु तो हिशेब कोणी आपण होऊन तपासायला येत नाही. तक्रार झाली की १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाखाली शिस्त समिती बसते. ही समिती बार कौन्सिलची, आणि बार कौन्सिल वकिलांनी मते देऊन निवडलेली. आम्ही ज्या समितीत बसून 'उचल' हा शब्द लिहिला, तीही सभासदांनी मते देऊनच निवडली होती.

बंद पडलेल्या कारखान्याच्या जमिनीवर आता बारा मजली इमारत उभी आहे. आम्हांला सापडलेल्या तीन कंपन्यांपैकी दोन निबंधकाच्या पटावरून कमी झाल्या आहेत. सव्वातीनशे कामगारांपैकी एकेचाळीस जण वारले. त्यांच्या वारसांची नावे अर्जावर चढविण्याचे काम आमच्या कचेरीत गेल्या आठवड्यापर्यंत चालू होते. पुढची तारीख जूनमध्ये आहे.